मागील आसनावरील भाराबाबत

माणूस आयुष्यात फार थोडं चालतो, त्याहून थोडं धावतो आणि उरलेला सगळा वेळ कुठे ना कुठे बसलेला असतो. म्हणून एखादा समाज किती पुढे गेला हे पाहायचं असेल, तर तो कशावर बसतो ते पाहावं. (झोपण्याचा विषय वेगळा. त्यासाठी वेगळं खातं आहे आणि ते दुपारी बंद असतं.)

याच जाणिवेतून आसन प्रमाणन कार्यालय स्थापन झालं. शहरात सार्वजनिक जागी जे जे बसायला ठेवतात, म्हणजे दवाखान्यातली बाकं, शाळेतले बेंच, बँकेतल्या खुर्च्या, कोर्टात साक्षीदाराला देतात ते स्टूल, ते सगळं आधी या कार्यालयात येतं. इथे त्याची लांबी, रुंदी, उंची मोजतात. पण टेप काय, कुणालाही धरता येते. खरी तपासणी शेवटी असते. शेवटी त्या आसनावर एक माणूस बसतो. काही वेळ नुसता बसतो आणि मग म्हणतो, "पास" किंवा "नापास". त्याच्या शब्दावर अपील नाही.

या पदाचं कागदोपत्री नाव मानक आसनार्थी. ते ज्यांच्याकडे होतं त्या गृहस्थांना कार्यालयात सगळे 'बसणारे' म्हणत. "बसणारे आले का?" "बसणारे अजून उठले नाहीत का?" नव्याने लागलेल्या माणसाला ते आडनावच वाटे, आणि नोकरीच्या पहिल्या काही वर्षांनंतर खुद्द बसणाऱ्यांनाही तसंच वाटू लागलं होतं.

त्यांची निवड कुठल्या गुणामुळे झाली नव्हती, कुठलाच गुण नसल्यामुळे झाली होती. उंची मध्यम, अंग मध्यम, पाठ मध्यम, स्वभावही मध्यम. इतका मध्यम माणूस शोधूनही सापडत नाही. बहुतेक लोक कुठे ना कुठे जास्त भरतातच. शहरातलं प्रत्येक आसन त्यांच्या पाठीवर बेतलेलं होतं. तुम्हाला एखाद्या बाकावर बसून बरं वाटलं असेल, तर ते आधी त्यांना वाटलं होतं.

मागच्या वर्षापासून मात्र सगळं नापास होऊ लागलं.

आधी दवाखान्याची बाकं नापास झाली. मग वाचनालयाच्या खुर्च्या. एका कारखानदाराने चिडून आपल्या घरचा सोफा पाठवला. त्यावर बसणारे बराच वेळ बसले, डोळे मिटले, कारखानदाराला आशा वाटू लागली आणि मग ते म्हणाले, "नापास." त्या वर्षात नवं बसस्थानक उभं राहिलं आणि त्यातले प्रवासीही उभेच राहिले. कोर्टातलं स्टूल परत गेल्यामुळे साक्षीदार उभ्याने साक्ष देऊ लागले. साक्षी आखूड झाल्या आणि न्यायदानाला वेग आला. (हा लाभ कार्यालयाच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानावर घेतलेला आहे.)

कार्यालयाच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी शेवटी बसणाऱ्यांना बोलावून घेतलं. मॅडम सरळ बोलणाऱ्या होत्या.

"बसणारे, खरं सांगा. खुर्च्या बिघडल्यात की पाठ?"

"पाठ."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

वर्षापूर्वी काय झालं होतं ते मॅडमना ठाऊक होतं. बसणाऱ्यांची बायको गेली तेव्हा त्या स्वतः घरी येऊन गेल्या होत्या, आणि उठताना "खुर्ची चांगली आहे हो," असं म्हणून गेल्या होत्या, कारण अशा वेळी काय बोलावं ते कुणालाच सुचत नाही आणि खुर्चीबद्दल बोलायची त्यांना सवय होती. पण दुःख ही पाठीची बाब नसल्यामुळे त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

"ऑफिसला येता कशावर?"

"मोटारसायकलवर."

"कसली?"

"स्पोर्ट्स. जुनी आहे."

"तेच ते," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर रोग सापडल्याचं समाधान पसरलं.

दुसरा माणूस बसवावा, असं कुणी सुचवलं नाही असं नाही. पण पाठ बदलली की माप बदलतं, आणि माप बदललं की शहरातलं आजवर पास झालेलं प्रत्येक बाक पुन्हा तपासावं लागतं. त्यापेक्षा मोटारसायकल बदलणं सोपं. फक्त एवढंच ठरवायचं होतं की रोजच्या जाण्यायेण्याला जुनी स्पोर्ट्स मोटारसायकल आरामाची की नवी. त्यासाठी समिती नेमण्यात आली. समितीकडे पास झालेल्या खुर्च्या नव्हत्या म्हणून ती उभ्याने भरे.

इथे स्पोर्ट्स मोटारसायकलीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. हे यंत्र मोकळ्या, गुळगुळीत, गोल रस्त्यावर, एक गुडघा जमिनीला घासत, जीव मुठीत धरून फिरण्यासाठी बनवलेलं आहे. असा रस्ता शहरात नसल्यामुळे लोक त्यावरून ऑफिसला जातात. टाकीवर पालथं पडून, मान वर करून, पुढच्या टेम्पोचा धूर छातीत घेत, चालत्या माणसाच्या वेगाने. कार्यालयाच्या पाहणीनुसार अशा गाडीचा जो सर्वोच्च वेग असतो, त्याचा उपयोग शंभरातल्या नव्याण्णव मालकांना फक्त सांगण्यासाठी होतो. उरलेला एक जण सांगण्याच्या अवस्थेत नसतो.

या गाड्यांचे दोन पंथ आहेत. जुनेवाले म्हणतात, जुन्या गाडीत जीव होता, लोखंड होतं, सीट लांब होती, हँडल हाताला यायचं. नवेवाले म्हणतात, नव्या गाडीत डोकं आहे. दोघेही रोज आपापल्या गाडीवरून उतरताना "आई गं" म्हणतात, पण ते वाहनतळावर, कुणी बघत नसताना.

बसणारे कुठल्याच पंथाचे नव्हते. त्यांना खरं तर स्कूटर हवी होती. पण ज्या दिवशी गाडी घ्यायला गेले त्या दिवशी बायको बरोबर होती. ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. तिला लांबचं आणि जवळचं दोन्ही स्वच्छ दिसायचं. ती दुकानात उभ्या असलेल्या लाल गाडीकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, दिवसभर खुर्च्यांवर बसता. येता-जाता तरी कशावर तरी स्वार व्हा."

"या वयात?"

"मग कुठल्या? पुढच्या?"

ती रोज मागे बसायची. तिचा दवाखाना वाटेतच होता. पहिल्याच दिवशी ती बसली आणि गाडीचा मागचा भाग इतका दबला की चाक मडगार्डला घासायला लागलं. गॅरेजवाल्या मिस्त्रीने खाली वाकून मागच्या शॉकअपची कडी वाकड्या पान्याने खाच-खाच फिरवून घट्ट केली आणि म्हणाला, "झाली दोघांची सेटिंग." तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आता माझं वजन गाडीच्या हाडात लिहिलं गेलं म्हणायचं. कुणाला दाखवू नका हो ती जागा."

ती गेल्यावर जे जे कळवायचं असतं ते बसणाऱ्यांनी सगळीकडे कळवलं. बँकेला कळवलं, विम्याला कळवलं, दवाखान्याला कळवलं. वाचनालयातलं तिचं कार्ड परत केलं, त्यावरचं पुस्तकही परत केलं. प्रत्येक ठिकाणी दाखल्याची प्रत लागली आणि ती त्यांनी दिली. फक्त शॉकअपला कळवायचं राहिलं. तो अजूनही दोघांच्या तयारीत होता. वर एकच माणूस बसलेला, खाली स्प्रिंग दोघांसाठी ताणलेली. मग रस्त्यातला प्रत्येक खड्डा न दबता, न मुरता, सरळ बसणाऱ्यांच्या मणक्यात येऊन पोचायचा, आणि तिथून शहरातल्या सगळ्या बाकांवर.

हे बसणाऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही. मिस्त्रीने तर मागेच सांगितलं होतं. "काका, मागचा जरा सैल करून देऊ का? दोन मिनिटांचं काम. आता एकट्यालाच तर..."

"राहू दे," बसणारे म्हणाले होते. "ऑइल बदल."

ऑइल आदल्याच आठवड्यात बदललेलं होतं. मिस्त्रीने ते पुन्हा बदललं.

तर सगळा प्रश्न होता तो एवढाच. दोन मिनिटांचं काम, आणि ते करायला सांगताना तोंडातून काढायचे दोन शब्द, 'एकट्यासाठी कर'. हे दोन शब्द सोडले तर बसणारे काहीही करायला तयार होते. समितीसमोर जायला तर होतेच होते.

समितीने बाहेरचे तज्ज्ञ म्हणून बसणाऱ्यांच्या मेहुण्यालाच बोलावलं. हा बायकोचा धाकटा भाऊ, पक्का नवेवाला. मोटारसायकलींबद्दल मोबाइलवर जे जे बघण्यासारखं होतं ते त्याने सगळं बघितलं होतं, आणि जे बघण्यासारखं नव्हतं ते दोनदा. तो एका दुकानातून नवी गाडी तपासणीपुरती मागून घेऊन आला. काळी, टोकदार, रागावलेल्या चेहऱ्याची.

"भावोजी, बघत राहाल. जुनी गाडी म्हणजे पाठीवर अत्याचार. ही बघा, ही स्वतः विचार करते."

"मग मला कशाला बसवतोस?" बसणारे म्हणाले.

तपासणी कार्यालयाच्या नियमांनुसार झाली. नियम खुर्चीसाठी केलेले होते. पण ज्यावर माणूस बसतो ते आसन, अशी व्याख्या असल्यामुळे मोटारसायकललाही ते लागू होते. त्यातला पहिलाच नियम असा की तपासणीच्या वेळी आसन हलता कामा नये. तेव्हा दोन्ही गाड्या वाहनतळावर स्टँडवर लावून, चाकाखाली विटा देऊन, हलत नाहीत याची खात्री करून घेण्यात आली. मेहुणा म्हणाला, अहो, पण ही चालवायची वस्तू आहे. मॅडम म्हणाल्या की चाकांची खुर्चीसुद्धा आम्ही चाकं बांधूनच तपासतो आणि आजवर कुठल्याही खुर्चीने तक्रार केलेली नाही.

पायांच्या मोजणीत जुनी गाडी डबल स्टँडवर असल्यामुळे तिपाई ठरली. नव्या गाडीला डबल स्टँडच नव्हता, ती साइड स्टँडवर कलती उभी होती. तिची नोंद 'तिपाई, रुसलेली' अशी झाली. हँडल हे हात टेकण्याचं साधन धरलं गेलं, मात्र ते बाजूला नसून समोर, आणि नव्या गाडीत तर समोर नसून खाली आहे, असा शेरा पडला. पाठ टेकायला दोन्हींना काही नव्हतं. नव्या गाडीचं आसन दोन मजली निघालं. वरचा मजला मागे आणि वहीएवढा.

"इथे कोण बसतं?" मॅडमनी विचारलं.

"कोणी बसत नाही हो," मेहुणा म्हणाला. "ते दिसायला असतं."

मग बसणारे बसले. आधी जुनीवर. सगळं कार्यालय श्वास रोखून उभं होतं. गाडी हलत नव्हती, रस्ता नव्हता, खड्डा नव्हता. बसणाऱ्यांनी नेहमीप्रमाणे पुढे सरकून बसून मागे जागा सोडली, हात हँडलवर ठेवले, आणि काही वेळाने म्हणाले, "पास."

वर्षभरात पहिल्यांदा तो शब्द ऐकून कुणीतरी टाळी वाजवली.

मग ते नवीवर बसले. मेहुण्याने चावी फिरवली. समोरच्या काचेवर दिवे लागले, गाडीने नमस्कार केला आणि दोन चित्रं दाखवली. एका चित्रात एक हेल्मेट, दुसऱ्यात दोन.

"हे काय?"

"ही विचारते, भावोजी. एकटे आहात की मागे कोणी आहे? त्याप्रमाणे स्प्रिंग आपोआप सैल-घट्ट करते. पान्याची कटकटच नाही. दाबा तुम्ही."

बसणाऱ्यांनी दोन्ही चित्रं पाहिली. मग त्यांनी दोन हेल्मेटवर बोट ठेवलं. गाडीने आपल्या पोटात काहीतरी चाचपून पाहिलं आणि काचेवर अक्षरं आली: मागील आसनावर भार आढळला नाही. कृपया पुन्हा निवडा.

बसणाऱ्यांनी पुन्हा दोन हेल्मेट दाबली. गाडीने पुन्हा तेच सांगितलं. यंत्राला राग येत नाही. ते कितीही वेळा तेच सांगू शकतं.

"नापास," बसणारे उतरत म्हणाले.

"कारण?" नोंदी घेणाऱ्या कारकुनाने विचारलं.

"फार बोलते."

कारकुनाने लिहिलं: आसन बोलके आहे. हा दोष नियमांत नव्हता. तो त्याच दिवशी घालण्यात आला.

मेहुणा मात्र खवळला. "उभ्या गाडीवर बसून कसला निकाल लावता? रस्त्यावर काढा दोन्ही! मग कळेल." आणि मॅडमनाही ते पटलं, कारण बसणारे जुन्या गाडीवरच रोज येत होते आणि रोज पाठ धरून उतरत होते, मग ती पास कशी? तेव्हा हलती तपासणी ठरली. पण इथे दुसरा नियम आडवा आला: तपासणी चालू असताना नोंद घेणारी व्यक्ती आसनार्थीच्या हाताच्या अंतरावर असली पाहिजे. म्हणजे कारकुनाला मागे बसणं आलं.

"मागे कोणी बसत नाही," बसणारे पटकन म्हणाले.

"का?"

बसणाऱ्यांनी हेल्मेट घातलं.

कारकून हा आयुष्यभर सायकलवर आलेला, बेताच्या अंगाचा, भित्रा माणूस. नव्या गाडीच्या वरच्या मजल्यावर त्याला शिडी लावल्यासारखं चढवलं. फाटकाबाहेर पोचायच्या आधीच तो घसरत खाली आला आणि बसणाऱ्यांच्या पाठीवर सांडला. त्याने नोंद घेण्याऐवजी मिठी घेतली. गाडी काचेवरून विचारत राहिली की मागे नक्की काय चाललं आहे. तपासणी तिथेच थांबली.

मग जुनी. लांब सीट, मागे धरायला कडी. कारकून टेकला. बसणारे थोडे पुढे सरकले, म्हणजे जेवढे रोज सरकत तेवढेच, आणि निघाले.

पहिला स्पीडब्रेकर आला तसे त्यांनी सवयीने दात आवळले. काही झालं नाही. गाडी दबली, 'हं' म्हणाली आणि पुढे गेली. दुसऱ्याला त्यांनी वेग कमी केला नाही. पुढे पाइपलाइनसाठी खणलेला रस्ता होता, तोही त्यांनी असा पार केला जसं कुणी गादीवरून लोळत जावं. मागून कारकून दर वळणाला त्यांच्या बरगडीत गुडघा मारत होता आणि "हळू हो, हळू!" ओरडत होता.  बसणारे हळू झाले नाहीत. उलट, दर ओरडण्याला वेग थोडा वाढवत गेले, जसा ती मागे बसायची तेव्हा वाढवायचे.

नेमून दिलेल्या रस्त्याने परत फिरायचं होतं. पण एका कोपऱ्यावर गाडी आपण होऊन डावीकडे वळली, एका गल्लीतून गेली आणि डोळ्यांच्या दवाखान्याच्या मागच्या फाटकापाशी थांबली. बसणाऱ्यांनी एक पाय टेकला आणि मागचं माणूस उतरायची वाट बघत राहिले.

"इथे का थांबलो?" कारकुनाने विचारलं.

"सिग्नल."

"इथे कुठे सिग्नल?"

बसणाऱ्यांनी मान वर करून पाहिलं. "नाही का? मग चला."

कारकुनाने प्रामाणिकपणे लिहिलं: चालक फाटकापाशी थांबला. कारण, सिग्नल. सिग्नल आढळला नाही.

कार्यालयात पोचले तेव्हा शाळेचा एक बेंच तपासणीसाठी येऊन पडला होता. बसणारे हेल्मेटसकट त्याच्यावर बसले आणि म्हणाले, "पास." बेंच घेऊन आलेल्या सुताराला तो शब्द ऐकायची सवयच उरली नव्हती. त्याने सामान उचलायला सुरुवात केली होती. दोघांना त्याला धरून परत सांगावं लागलं.

त्याच संध्याकाळी समितीची शेवटची बैठक उभ्याने भरली. कारकुनाने अहवाल वाचला. स्टँडवर आराम, रस्त्यावर कारकुनासह आराम, रोज एकट्याने येताना मात्र त्रास. मॅडमनी यातून तर्काने असा निष्कर्ष काढला की आराम गाडीत नसून कारकुनात आहे. कारकून घाबरला. रोज मागे बसावं लागेल असं त्याने घरी सांगितलेलं नव्हतं.

पण मेहुणा नुसती गाडी बघून बोलणारा नव्हता. तो उठून वाहनतळावर गेला, जुन्या गाडीमागे वाकला, मोबाइलच्या उजेडात बघून आला आणि हसत सुटला.

"अहो, कसलं काय! मागचा शॉकअप दोघांवर आवळून ठेवलाय! म्हणून एकट्याला धक्के बसतात. भावोजी, एवढं साधं? पाना आणा, चार खाचा सैल करतो. समिती बरखास्त करा!"

"नको," बसणारे म्हणाले.

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"माहितीये. नको."

"नको म्हणजे?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण नोंदवावं लागेल, बसणारे. एकीकडे शहर उभं आहे."

बसणारे उभेच होते. कार्यालयात इतका वेळ ते सहसा उभे राहत नसत. त्यांनी खिडकीतून वाहनतळाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

"शॉकअपला हात लावू नका," ते म्हणाले. "मागे वजन ठेवा. वाळूचं, कशाचंही. बांधून नेईन मी रोज."

"किती वजन?"

"अठ्ठावन्न किलो."

ते विचार करून बोलले नव्हते. आकडा तोंडात होता, तो बाहेर आला.

"अठ्ठावन्नच का?" मॅडमनी विचारलं. "साठ का नाही? आपल्याकडे साठचं पोतं मिळतं."

"ते जास्त होईल. तिला आवडणार नाही." मग बसणारे सावरून म्हणाले, "गाडीला."

मेहुण्याचं हसू अजून तोंडावर होतं, पण आता ते तिथे एकटंच राहिलं होतं. लहानपणापासून वजनकाट्यावर ताईशी पैजा लावणारा माणूस तो. हरली की ती रागाने त्याला ढकलून खाली उतरवायची. त्याने भावोजींकडे पाहिलं नाही. घसा खाकरला आणि तज्ज्ञाच्या आवाजात मॅडमना म्हणाला, "बरोबर आहे, मॅडम. यंत्राचं गणित असतं ते. या गाडीला तेवढंच लागतं. किलोभर इकडेतिकडे झालं तरी चालत नाही."

"मघाशी तर तुम्ही म्हणालात सैल करा?"

"मी नव्या गाड्यांचा माणूस आहे," मेहुणा म्हणाला. "जुन्यातलं मला कळत नाही."

ठराव एकमताने झाला. रोजच्या जाण्यायेण्याला जुनी स्पोर्ट्स मोटारसायकल नवीपेक्षा आरामाची आहे. कारण जुनीत मागे भार ठेवता येतो आणि नवी तो नाही असं सारखं सांगत राहते. खुर्च्यांच्या रेक्झीनची एक जाड पिशवी शिवून घेण्यात आली, तिच्यात वाळू भरली आणि तोंडाला कार्यालयाचं सील लावलं. वस्तूचं नाव ठरलं, मानक सहप्रवासी. वापराचे नियम टंकून बसणाऱ्यांच्या हाती देण्यात आले: सहप्रवासी भिजू देऊ नये, दोन पट्ट्यांनी बांधावा, रात्रभर गाडीवर ठेवू नये, घरात घ्यावा, कामाव्यतिरिक्त वळसे घेऊ नयेत. हा शेवटचा नियम मॅडमनी सही करताना खोडला आणि त्याजागी पेनाने लिहिलं, 'सहप्रवाशाशी बोलण्यास हरकत नाही.' (असा नियम आधी कुठल्याच आसनासाठी झालेला नाही. तो कुणी सुचवला याची नोंद नाही.)

पहिल्या दिवशी पट्टे मेहुण्याने आवळून दिले. आवळताना एकदाच म्हणाला, "जास्त घट्ट तर नाही ना झालं?" आणि ते कुणाला विचारलं हे कळू नये म्हणून लगेच नवी गाडी परत करायला निघून गेला.

आता सगळं सुरळीत आहे. दवाखान्यातली बाकं पास झाली, वाचनालयाच्या खुर्च्या पास झाल्या, बसस्थानकात प्रवासी बसतात आणि त्यामुळे बस चुकतात. कोर्टात साक्षी पुन्हा लांबल्या आहेत. बसणारे सकाळी थोडे पुढे सरकून बसतात, वाटेत एका गल्लीतून वळून जातात, पाय टेकतात, आणि वेळेवर कार्यालयात पोचतात. पाठीची तक्रार नाही.

जुनी घ्यावी की नवी, याबद्दल नागरिकांना मार्गदर्शन व्हावं म्हणून हा सगळा वृत्तान्त कार्यालयाच्या दारात लावला आहे. लोक थांबून वाचतात. फाटकापाशी पोचले की जरा हळू वाचतात, अठ्ठावन्नला थबकतात, कुणीकुणी डोळेही पुसतात. आणि शेवटपर्यंत वाचून झालं की खिडकीशी येऊन प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. तुमच्याही मनात तोच आलेला आहे. संकोच करू नका. कारकून आता ऐकून ऐकून निगरगट्ट झाला आहे. अ‍ॅव्हरेज किती देते?

दोघांना अडतीस. एकट्याचा आकडा उपलब्ध नाही.